चेन शाबूत, रनर सैल

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. उन्हाळा इतका कडक, की पुण्या-मुंबईची मुले वर्गात जाऊन बसली तरी वऱ्हाडातली मुले अजून घरीच असतात. शाळा उघडायच्या त्या दिवसांत धामणगाव रेल्वेच्या बाजारात शिंप्यांकडे आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे मागच्या वर्षीची दप्तरे येऊन पडतात. कापड धड, पट्टे धड, तळही धड. फक्त चेन लागत नाही. रनर पुढे सरकतो आणि त्याच्या मागे दात पुन्हा उघडत जातात. घरच्यांनी नवे दप्तर घ्यायचे जवळजवळ ठरवलेले असते. कारागीर चेनवरून अंगठा फिरवतो, रनर उलटा करून पाहतो आणि सांगतो, "चेन साजरी हाये, रनर ढिला झाला."

चेनदुरुस्तीचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आले, आणि ते घरोघरी माहीत असावे असे मला मनापासून वाटते. चेन बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दात शाबूत असतात, फीत शाबूत असते. झिजलेला असतो तो बोटाच्या पेराएवढा रनर. तो बाजारात सुटा मिळतो, काही रुपयांत मिळतो, आणि तो बदलायला शिलाई मशीनही लागत नाही. तरी चांगली बॅग, चांगले जॅकेट माळ्यावर जाते किंवा भंगारात निघते, कारण ही वस्तू आतून कशी चालते ते आपल्याला कोणी दाखवलेलेच नसते.

चेनचे भाग मोजकेच आहेत. दोन फिती, प्रत्येक फितीच्या एका काठावर दातांची ओळ, त्या दोन ओळींवरून चालणारा रनर, रनरला लटकणारी ओढायची पट्टी, आणि रनर निसटू नये म्हणून टोकांना अडवण. जॅकेटची चेन पूर्ण सुटी होते, म्हणून तिच्या खालच्या टोकाशी आणखी दोन गोष्टी असतात: एका फितीला पिन आणि दुसऱ्या फितीला ती पिन बसायची डबी.

जुन्या पॅन्टच्या पितळी चेनचा एक दात भिंगाखाली जरूर पाहावा. त्याच्या एका अंगाला बारीक उंचवटा आणि दुसऱ्या अंगाला तेवढाच खळगा असतो. चेन बंद असते तेव्हा प्रत्येक दाताचा उंचवटा समोरच्या फितीवरच्या दाताच्या खळग्यात बसलेला असतो, त्या दाताचा उंचवटा त्याच्या पुढच्या दाताच्या खळग्यात, आणि असे टोकापर्यंत. आता दोन्ही फिती दोन बाजूंना ओढून पाहा. उंचवट्याला खळग्यातून निघायचे तर दोन दातांमध्ये थोडी फट पडायला हवी, आणि ओळीत गच्च बसलेले दात एकमेकांना ती फट मिळू देत नाहीत. म्हणून ठासून भरलेली बॅगही आडव्या ओढीने उघडत नाही. फट मिळण्याचा एकच मार्ग आहे: फीत वळवणे. फितीचा काठ वाकला की त्यावरचे दात एकमेकांपासून किंचित फाकतात, आणि तेवढ्या क्षणात समोरचा दात आत तरी येऊ शकतो किंवा बाहेर तरी पडू शकतो.

फीत नेमकी तेवढीच वळवणे, हे रनरचे काम. त्याला वरची आणि खालची अशा दोन पत्र्या असतात. पुढच्या बाजूला दोन तोंडे, मागच्या बाजूला एक, आणि दोन तोंडांच्या मधोमध पाचर. बडनेऱ्याला अमरावतीकडून येणारा रेल्वेचा फाटा मुख्य मार्गाला मिळतो, तशा रनरच्या पोटात दोन वाटा एक होतात. रनर लावायच्या दिशेने ओढला की दोन्ही ओळी वळणावरून आत येतात, फाकलेले दात एकाआड एक एकमेकांत शिरतात, आणि मागच्या तोंडातून बाहेर पडताना दोन्ही पत्र्या त्यांना दाबून सरळ करतात. उलट ओढला की तीच पाचर दोन ओळींना फाडून वेगळे करते. उघडणे आणि लावणे या दोन्हींसाठी एकच अवजार, आणि त्यात स्प्रिंग नाही, चाक नाही, स्क्रू नाही. मला यातले सर्वांत मोठे आश्चर्य हेच वाटते.

या साध्या दिसणाऱ्या वस्तूला जमून यायला साठ-बासष्ट वर्षे लागली. शिलाई मशीनच्या इतिहासात ज्याचे नाव येते त्या अमेरिकेच्या एलियास हाऊने १८५१ साली आपोआप लागणाऱ्या कापडी बंदाचे पेटंट घेतले, पण तो शिलाई मशीनमध्येच गुंतला आणि ती कल्पना कागदावर राहिली. नंतर व्हिटकॉम्ब जडसन आला. हवेच्या दाबावर चालणारी शहरी रेल्वे काढायच्या खटपटीत त्याने बरीच पेटंटे घेतली होती. ती रेल्वे काही चालली नाही. २९ ऑगस्ट १८९३ रोजी त्याला उंच बुटांसाठी सरकत्या बंदाची पेटंटे मिळाली, आणि त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने हा बंद मांडला. हे तेच प्रदर्शन, ज्याला जोडून सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले.  जडसनच्या बंदाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो आकडे आणि कड्या यांचा होता. थोडा ताण आला की उघडायचा आणि पाण्याने गंजायचा.

ते कोडे सोडवले गिडियन सुंडबॅकने. जन्म १८८० साली स्वीडनमध्ये, शिक्षण जर्मनीत, नोकरी अमेरिकेत. जडसनचा बंद बनवणाऱ्या कंपनीत तो १९०६ साली आला आणि तिथल्या कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या मुलीशी, एल्व्हिराशी त्याने लग्न केले. १९११ साली एल्व्हिरा वारली. त्यानंतरच्या दोन वर्षांत हा माणूस रात्रंदिवस या एकाच प्रश्नाला भिडला, आणि डिसेंबर १९१३ मध्ये त्याने आकडे पूर्णपणे काढून टाकले. त्यांच्या जागी आले एकसारखे दात, इंचाला चारऐवजी दहा-अकरा, प्रत्येकाला उंचवटा आणि खळगा. पाचरीचा रनरही त्याने नीट घडवला. पेटंट मिळाले १९१७ साली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने दात बनवायचे यंत्र रचले: खास आकाराची तार आत जायची, यंत्र तिचे दात तोडायचे, त्यांवर खळगा-उंचवटा ठोकायचे आणि फितीवर एकामागून एक चिमटवायचे, टाकाऊ धातू जवळजवळ न उरता. पहिल्याच वर्षात दिवसाला काही शे फूट चेन निघू लागली. आज आपल्या पॅन्टला जी पितळी चेन आहे तिच्या दाताचा मूळ आराखडा हाच.

सुरुवातीला ही चेन कपड्यांत फारशी गेली नाही. पहिल्या महायुद्धात खलाशांचे पैशाचे पट्टे, मग तंबाखूचे बटवे, १९२३ पासून गुडरिच कंपनीचे रबरी बूट, आणि पुरुषांच्या पॅन्टला सर्रास बसायला १९३० नंतरची वर्षे उजाडली. १९३४ साली तोक्योत तादाओ योशिदा यांनी आपली कंपनी काढली. १९४५ च्या हवाई हल्ल्यात तिचा कारखाना जळाला, तो त्यांनी पुन्हा उभारला, आणि आज जगभरच्या रनरवर जी वायकेके ही अक्षरे दिसतात ती त्याच कंपनीची. चंद्रावर उतरलेल्या अपोलो अंतराळवीरांचे पोशाखही चेननेच बंद होत. तिथे हवा बाहेर जाऊ नये म्हणून दातांच्या जोडीला रबराच्या कडा एकमेकींवर दाबल्या जात.

वऱ्हाडात या काळात वस्तू कशा बंद होत होत्या? अंगरख्याला आणि बंडीला बंद, लेंग्याला नाडी, बटव्याला दोरी, सदऱ्याला बटणे. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि धामणगावला स्टेशन झाले. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी या स्टेशनाकडे येऊ लागला. त्या कापसाच्या गोण्यांची तोंडे दाभण आणि सुतळीने शिवली जात. दाभण अजून इथल्या घरांत सापडते, आणि चेन दुरुस्त करताना जाड कॅनव्हासच्या बॅगेला त्याच्याइतके कामाचे दुसरे काही नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले आणि चेनचा एक वेगळाच प्रकार रुळला. दप्तरे, बॅगा, सलवार-कुर्ते यांना आज जी चेन असते तिला सुटे दात नसतातच. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची एकच सलग तार वेटोळी करून फितीच्या काठावर शिवलेली असते. डाव्या फितीची वेटोळी उजवीच्या उलट. प्रत्येक वेढ्याचे डोके थोडे चेपून रुंद केलेले असते आणि ते समोरच्या दोन वेढ्यांमध्ये अडकते. बाजारात हिला कॉइल चेन म्हणतात. तिसरा प्रकार जॅकेटांवर दिसतो, जाड सुट्या प्लॅस्टिक दातांचा. तिन्हींचा रनर दिसायला सारखा, पण आतली वाट तिन्हींची वेगळी.

आता मूळ प्रश्न: रनरच आधी का जातो? हिशेब सोपा आहे. दप्तराची चेन दोन फुटांची आणि इंचामागे दहा दात धरले, तर दोन्ही ओळींत मिळून ४८० दात झाले. चेन एकदा लावली की प्रत्येक दात रनरला एकदाच घासतो; रनर मात्र ४८० वेळा घासला जातो. उघडताना पुन्हा तेवढेच. त्यात आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आणि हंगामात हवेत उडणारे रुईचे तंतू रनरच्या पोटात जाऊन बसतात. रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, फार कठीण नसतो. महिनोन्‌महिने घासून त्याच्या पत्र्या आतून झिजतात आणि मागच्या टोकाशी किंचित फाकतात. मग दात एकमेकांत शिरतात खरे, पण त्यांना शेवटचा दाब मिळत नाही, आणि रनर पुढे जाताच ते सुटतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी निदान करावे. चेन तीन-चार वेळा लावून पाहावी. मागची चेन दर वेळी वेगवेगळ्या जागी किंवा सगळीकडेच उघडत असेल तर दोष रनरचा. दर वेळी एकाच जागी उघडत असेल तर तिथला दात पडला आहे किंवा कॉइलचा वेढा वाकला आहे. ही तपासणी केल्याशिवाय पक्कड हातात घेऊ नये.

रनर सैल असेल तर तो चेन जिथून लागायला सुरुवात होते त्या टोकाशी आणावा. रनरची मागची बाजू, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात ती एका तोंडाची बाजू, ओळखावी. छोटी पक्कड घ्यावी, मुलामा खरवडू नये म्हणून मध्ये कापडाचा तुकडा ठेवावा, आणि मागच्या टोकाशी डाव्या कडेच्या वरच्या-खालच्या पत्र्या हलकेच जवळ दाबाव्यात. मग उजव्या कडेला तेवढाच दाब. दोन तोंडांची बाजू दाबायची नाही, तिथे दातांना मोकळीकच हवी. दाब केसभर असावा. एकदा दाबून चेन लावून पाहायची, उघडत असेल तर पुन्हा केसभर. घाईत जोर लावला तर रनर चेनवर घट्ट बसून हलेनासा होतो, किंवा ओतीव धातू असल्याने कडेला तडकतो. घट्ट झालेला रनर बारीक पेचकसाचे टोक पत्र्यांच्या मध्ये घालून थोडा सैल करता येतो, तडकलेल्याला इलाज नाही. ही दुरुस्ती काही महिने टिकते, कधी वर्षभरही. आतली झीज भरून येत नसल्याने पुढे केव्हातरी रनर बदलावाच लागतो.

प्रवासात पक्कड नसते. पण प्रवासी बॅगेला बहुधा दोन रनर असतात, समोरासमोर. त्यांतला एक बिघडला तर त्याला त्याच्या बाजूच्या टोकापर्यंत मागे नेऊन ठेवावा आणि चांगल्या रनरने पूर्ण चेन त्याच्यापर्यंत लावत आणावी. हावड्याला जायचे असो की मुंबईला, सामान बंद राहते. हे साधे वाटते, पण फलाटावर सुतळीने आवळलेल्या कितीतरी बॅगा दोन रनरच्या असतात.

रनर अडत असेल, जड चालत असेल, तर आधी जुन्या दात घासायच्या ब्रशने चेन कोरडी झाडावी, अडकलेला दोरा सुईने काढावा. मग पितळी चेनवर पेन्सिलीचे शिसे घासावे. कॉइलवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण. खोबरेल किंवा मशीनचे तेल घालू नये. त्या दिवशी रनर छान पळतो, पण तेलावर धूळ बसून आठवड्यात तिचा चिखल होतो आणि कापडाला डाग पडतो तो वेगळाच. अस्तर रनरमध्ये अडकले असेल तर रनर ओढण्याऐवजी कापडच रनरपासून आडवे ताणून धरावे आणि रनर थोडा-थोडा मागे घ्यावा.

रनर एका फितीवरून निसटला, किंवा नवा घालायचा असला, तर चेनच्या टोकाची शिवण इंच-दोन इंच उसवावी. चेन लागायला सुरुवात होते त्या टोकातून रनर घालायचा, दोन तोंडांची बाजू पुढे ठेवून. दोन्ही फितींची टोके सरळ कापावी, दोन तोंडांत एकाच वेळी, सारख्या उंचीवर सरकवावी. एक दाताचाही फरक पडला तर शेवटी एका बाजूला चेन उरते आणि कापडाला झोळ येतो. हात कमी पडतात, म्हणून रनरची दोन तोंडे वर राहतील असा तो जेवणाच्या काट्याच्या दात्यांत अडकवून उभा धरावा. दोन्ही हात फितींसाठी मोकळे होतात. रनर चढला की टोकाशी जाड दोऱ्याचे पाच-सहा टाके दातांवरून आडवे घालावेत. तीच नवी अडवण. एखादा दात खालच्या टोकाजवळ पडला असेल तर हाच उपाय थोडा वर करावा: पडलेल्या दाताच्या वर टाके घालून तेवढी चेन कायमची बंद करावी. मधलाच दात गेला किंवा कॉइल तुटली, तर मात्र चेन बदलणे हाच मार्ग. कॉइल नुसती वाकली असेल तर जाड सुईने वेढा जागेवर आणता येतो.

पॅन्टची चेन आपोआप खाली येते, ही तक्रार वेगळी. चांगल्या पॅन्टच्या रनरमध्ये एक बारीक काटा असतो; ओढायची पट्टी खाली पडलेली असली की तो दातांमध्ये उतरून रनरला कुलूप घालतो, पट्टी उचलली की काटा वर येतो. तो झिजला की चेन चालताना उतरते. रनर बदलेपर्यंत पट्टीच्या भोकात किल्लीची छोटी कडी घालावी आणि चेन लावून ती कडी पॅन्टच्या बटणात अडकवावी. वरून बटण लावले की काहीच दिसत नाही. ओढायची पट्टीच तुटली असेल तरी हीच कडी, किंवा बुटाच्या नाडीचा तुकडा, चालतो.

जॅकेटच्या चेनचे दुखणे बहुधा तळाशी असते. डबीत पिन घालताना रोज तीच जागा वाकते, फितीचे धागे सुटतात आणि पिन लोंबते. सुटलेले धागे नीट बसवून त्यांवर नेलपॉलिशचे दोन थर द्यावेत, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा; फीत पुन्हा ताठ होते. पिन निखळून पडली असेल तर ती एकटी शिवून टिकत नाही, चेनच बदलावी.

नवा रनर आणताना जुना सोबत न्यावा आणि त्याची पाठ पाहावी. तिथे बहुधा ३, ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो साधारणपणे बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दप्तराला बहुधा ५ किंवा ८, मोठ्या बॅगेला १०, कुर्त्याला ३. आकडा जुळला तरी चेनचा प्रकार सांगावाच लागतो, कारण ५ नंबरचा कॉइलचा रनर ५ नंबरच्या पितळी चेनवर चालत नाही. आकडा झिजून गेला असेल तर दप्तरच दुकानात न्यावे. दुकानदार डब्यातले रनर फितीच्या टोकावर एकेक चढवून पाहतो आणि मागे दात बंद राहतील तो रनर काढून देतो.